बोट दाखवू नका

ऑगस्टमधल्या पालकसभेत शिकागोच्या परिसरातल्या आपल्या मराठी शाळेपुढे एक ठराव आला. यंदापासून प्रत्येक मुलाचा प्रगती तक्ता ठेवायचा. दर महिन्याला नवे शब्द किती आले, वाचनाचा वेग किती, बोलण्याला दहापैकी किती गुण, हे सगळं शिक्षकांनी ॲपमध्ये भरायचं आणि ते पालकांच्या फोनवर जाणार. शिवाय वार्षिक संमेलनात प्रत्येक मुलाने मंचावर येऊन दोन मिनिटं मराठीत बोलायचं, म्हणजे वर्षभरात काय शिकलं ते सगळ्यांना दिसेल. ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सॉकर आणि पोहण्याचे क्लास इकडेतिकडे ढकलून रविवारी सकाळी मुलांना गाडीत कोंबायचं, वर्ग सुटेपर्यंत पार्किंग लॉटमध्ये कॉफी पीत बसायचं, आणि परतीच्या वाटेवर "आज काय शिकलास रे?" म्हटलं की मागच्या सीटवरून "नथिंग" ऐकायचं. अशा आईबापांना हातात काहीतरी हवं असतं, ते मला कळतं. तरीही या शाळेत शिकवणारी बाई म्हणून मी ठरावाच्या विरोधात आहे. सभेत पाच मिनिटांत नीट बोलता आलं नाही. संपादकांनी दिवाळी अंकात जागा दिली, म्हणून इथे सविस्तर भांडते.

भांडायला मी कोकणातल्या परसात जाणार आहे. लगेच पान उलटू नका. आपल्या अंकात दर दिवाळीला आजोळच्या परसावर एक तरी लेख असतो. त्यात विहीर असते, प्राजक्ताचा सडा असतो, आजीचा सुरकुतलेला हात असतो आणि शेवटी ते दिवस गेल्याची हळहळ असते. मी ते लेख आवडीने वाचते. फक्त त्यांतल्या बागा आपोआप हिरव्या असतात. तिथे कुणी शेण कालवत नाही, पाणी शेंदून कुणाच्या हाताला घट्टे पडत नाहीत, आणि एखाद्या सकाळी वानरं येऊन सगळा मांडव भुईसपाट करून जात नाहीत. आमच्या परसात हे सगळं होत असे.

गुहागरच्या बाजूला आमचं घर. मागच्या दारी जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, आत विहीर, न्हाणीचं सांडपाणी जाई तिकडे अळू आणि केळी, पलीकडे पोफळी आणि थोडे माड, आणि उरलेल्या मोकळ्या जागेत पावसाळी वेलांचा मांडव. मांडव घालायचा तो मृगाच्या आधी. बांबू उभे करायचे, वर आडव्या काठ्या टाकून सुंभाने आवळायच्या. आळ्यांत राख आणि शेणखत, आणि त्यात पडवळ, दोडका, घोसाळं, काकडी, कारलं यांच्या बिया. बिया गेल्या वर्षीच्या, राखेत घोळून फडक्यात बांधून ठेवलेल्या. पाऊस स्थिरावला की दोन जाडसर पानं वर यायची, मग काही दिवस जणू सगळं थबकायचं, आणि मग वेल असा सुटायचा की सकाळी एका काठीवर दिसलेला शेंडा संध्याकाळी पुढच्या काठीला विळखा घालून बसलेला. पडवळ धरलं आणि लांबायला लागलं की त्याच्या टोकाला सुतळीने बारकासा दगड बांधत, म्हणजे ते वाकडं होत नाही. दगड केवढा बांधायचा हे फक्त आजी ठरवायची. जड झाला तर पडवळ देठातून तुटतं.

गणपतीत हा मांडव भरात असे. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीला परसातलंच लागे. शेजारपाजारच्या बायका वाटीभर भाजी एकमेकींकडे पाठवत आणि त्यात कुणाकडची काकडी कडू निघाली, कुणाचं पडवळ जून झालं, यावर वर्षभर पुरेल एवढी चर्चा होई. परीक्षा होती, पण ती वर्षातून एकदा, आणि त्यात नापास झालीच तर आजी होई. वेलाला कुणी काही बोलत नसे.

या मांडवाखाली आम्हा मुलांना एकच कडक नियम होता. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ते कुजतं, झडतं. "बोट नको दाखवूस गो!" असं आजी विहिरीवरून ओरडायची. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. चुकून सरळ बोट गेलंच तर ते आपणच चावायचं, म्हणजे दोष जातो. ही समजूत काही आमच्याच घरची नाही, महाराष्ट्रात घाटावर-कोकणात सगळीकडे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी आपापली बोटं चावलेली असणार.

आता यामागचं शास्त्र. या वेलांवर नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. आधी बहुधा नुसती नर फुलंच. मादी फूल मागाहून येतं आणि त्याच्या मागे, देठाशी, पहिल्यापासूनच इवलंसं फळ असतं. पडवळाचं सुतळीच्या तुकड्याएवढं, काकडीचं करंगळीच्या नखाएवढं. मुलांना नेमकं हेच दिसतं आणि त्यांची बोटं याच्याकडेच जातात. पराग पोचले तर ते फळ धरतं, नाही पोचले तर पिवळं पडून गळून जातं. पावसाची झड लागली, मधमाश्या फिरकल्या नाहीत, की अशी कितीतरी गळतात. म्हणजे आम्ही बोट दाखवलेली फळं गळायची ती बोटामुळे नव्हे, पण गळायची हे खरं, आणि आजीचा सिद्धान्त दर पावसाळ्यात नव्याने सिद्ध होत राहायचा. त्यात पडवळाची आणखी गंमत. त्याचं झालर लावल्यासारखं पांढरं फूल अंधार पडल्यावर उमलतं आणि त्याच्याकडे पतंग येतात ते रात्री. दोडक्याचं पिवळं फूल दिवेलागणीच्या सुमाराला. आम्ही आत स्वयंपाकघरात ओळीने जेवायला बसलेलो असायचो, तेव्हा मागच्या दारी हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम चाललेलं असे आणि ते बघायला कुणीही हजर नसे.

तर ठरावाकडे येते. पडवळाला आमच्या बोटाने काही होत नव्हतं, कारण पडवळाला बोट दिसत नाही. मुलाला दिसतं. माझा मुद्दा एवढाच आहे, पुढचं सगळं त्याचा तपशील समजा.

वर्गातला एक प्रसंग सांगते. मधल्या सुट्टीत डबे उघडले होते. एका मुलाने शेजारच्याला थालीपिठाचा तुकडा दिला. शेजारच्याने चावला आणि म्हणाला, "हे तिखट आहे, मला नको, तूच खा." हा शेजारचा मुलगा वर्गात फळ्यावरचं वाचण्यापलीकडे तोंड उघडत नसे. त्याच्या तोंडून तीन क्रियापदांचं एक वाक्य, सगळे प्रत्यय जागच्या जागी, कुणी न विचारता. त्याचे वडील नेमके दारात उभे होते. त्यांना भरून आलं, आणि का येऊ नये? त्यांनी फोन काढला. "परत बोल ना, आजीला पाठवू." मुलाने फोनकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, हातातला तुकडा डब्यात ठेवला आणि म्हणाला, "नो." त्या दिवशी उरलेल्या वेळात तो इंग्रजीतच बोलला. त्यानंतर बरेच रविवार वडील दारात दिसले की तो इंग्रजीवर यायचा. वडिलांनी रागावलं नाही, मारलं नाही, उलट कौतुकच केलं होतं. मुलाला मात्र त्या क्षणी कळलं की तो बोलत होता ते आता मित्राशी बोलणं राहिलेलं नाही, ती दाखवायची वस्तू झाली आहे.

प्रगती तक्ता म्हणजे हा दारातला फोन, महिन्याच्या महिन्याला, न चुकता.

मोजमापालाच माझा विरोध आहे असा कुणी अर्थ काढू नये. किती अंतराने मोजायचं आणि त्यातून काय ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे. फ्रान्समध्ये माँतबेयार नावाच्या एका गृहस्थाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांच्या सुमाराने, पोरगा अठरा वर्षांचा होईपर्यंत मोजली. बुफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ते आकडे छापले आणि मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे आजही तो आलेख पुस्तकात दाखवतात. सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांनी पाहिल्यावर ती वाढ छान अखंड चढत जाणारी रेघ दिसते. पुढे १९९२ साली मिशेल लॅम्पल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ३१ तान्ह्या बाळांची मोजणी प्रसिद्ध केली. यांनी काही बाळं आठवड्याला, तर काही रोजच्या रोज मोजली होती. तेव्हा ती चढती रेघ मोडून तिच्या पायऱ्या झाल्या. बाळाची लांबी एका झटक्यात अर्ध्यापासून अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढायची आणि मग दोन दिवसांपासून थेट त्रेसष्ट दिवसांपर्यंत काहीच नाही. एकूण काळापैकी ९० ते ९५ टक्के काळ बाळ वाढतच नव्हतं. आणि ही सगळी ठणठणीत बाळं होती! रोज फूटपट्टी घेऊन बसणाऱ्या आईला दहातले नऊ दिवस आपलं बाळ खुंटलेलंच दिसलं असतं.

आता ही गोष्ट हाडांची आहे, भाषेची नाही, हे मला माहीत आहे. पण नवी भाषा कानावर पडणारी मुलंही बराच काळ गप्प राहतात. ऐकतात, समजून घेतात, सांगितलेलं करतात, पण बोलत नाहीत. भाषा शिकवणाऱ्यांच्या हे चांगलं परिचयाचं आहे आणि या गप्प काळाला त्यांच्याकडे नावही आहे. काही मुलांचा तो काळ आठवड्यांत संपतो, काहींचा महिनोन्महिने चालतो. आपल्या ॲपमध्ये या मुलाला 'बोलणे' या रकान्यात दहापैकी शून्य मिळेल. मी शिक्षक म्हणून ते शून्य प्रामाणिकपणे भरीन, आई ते प्रामाणिकपणे वाचेल, आणि रात्री जेवताना टेबलावर त्या शून्याबद्दल बोलणं होईल. कुठल्या भाषेत होईल, ते तुम्हीच सांगा.

परसाच्या टोकाला आजोबांनी लावलेलं हापूसचं एक कलम होतं. कोयीपासून वाढवलं तर हापूस हापूसच निघेल याची खात्री नसते, म्हणून कलम करायचं, हे तुम्हाला माहीत असेल. कलम असलं तरी फळ धरायला काही वर्षं लागतात, आणि धरू लागल्यावरही हापूस एक वर्षाआड. एका वर्षी फांद्या टेकू लावून सावराव्या लागत, पुढच्या वर्षी पोरं झाडाखालून रिकामी परत येत. आजोबा म्हणत, "यंदा त्याची पाळी नाही." त्या वर्षी झाड काय करतं? पालवी काढतं. तांबूस, लुसलुशीत, झाडभर. आंब्याचा मोहोर जून झालेल्या काडीवर येतो, कोवळ्या फुटीवर नाही, त्यामुळे आधी ती पालवी यावी लागते, पिकावी लागते. रिकाम्या दिसणाऱ्या वर्षात झाडाचं हे काम चालू असतं.

या रिकाम्या वर्षावर उपाय निघाला आहे. कल्टार या नावाने कोकणात सगळ्यांच्या तोंडी असलेलं पॅक्लोब्युट्राझोल. जुलै-ऑगस्टच्या सुमाराला ते बुंध्याभोवतीच्या मातीत ओततात. झाडातलं जिबरेलिन नावाचं वाढीचं संजीवक त्याने अडतं, नवी पालवी रोखली जाते आणि मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचं प्रमाण, वेळ, सोबत द्यायचं खत, सगळं ठरवून दिलं आहे. ज्याचं पोट बागेवर आहे, ज्याला वाशीच्या बाजारात इतरांच्या आधी पेटी पोचवायची आहे, त्या बागायतदाराने ते वापरलं तर त्याला नावं ठेवणारी मी कोण? मात्र प्रमाण सोडून वापरलं आणि खताला हात आखडला तर झाड खंगतं, हे बागायतदारच सांगतात.

आपलं पोट मुलांच्या मराठीवर नाही. आपल्याला कुठल्याही बाजारात पेटी पाठवायची नाही. तरी दरवर्षी, प्रत्येक झाडाला, ठरल्या तारखेला, मंचावर मोहोर दिसायलाच हवा असा आपला हट्ट आहे. त्या दोन मिनिटांच्या भाषणांचा मोहोर कसा असतो तेही पाहू या. "माझे नाव अमुक आहे. मी तमुक शाळेत शिकतो. मला गणपती हा सण फार आवडतो." हे मराठी कुठल्याही घरात कुणी बोलत नाही. आईने रोमन लिपीत लिहून दिलेलं, गाडीत घोकलेलं, माइकसमोर एका दमात टाकलेलं. टाळ्या पडतात, आणि मंचावरून उतरताच पोरगं बुटाची नाडी सोडत "कॅन वुई गो नाऊ?" म्हणतं. थालीपिठाचं ते एक वाक्य मला या सगळ्या भाषणांहून मोलाचं वाटतं. पण ते कुठल्याही तक्त्यात बसलं नसतं, कारण ते अभ्यासक्रमाच्या त्या महिन्यातल्या शब्दांत नव्हतं.

"मग काय, देवावर सोडून द्यायचं?" असं सभेत एकांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. गप्प बसलेलं प्रत्येक मूल आतून वाढतच असतं असं मी म्हणत नाही. मातीत घातलेली प्रत्येक बी काही रुजत नाही. काही कुजतात, काही मुंग्या नेतात. लहानपणी रविवारी नेमाने शाळेत आलेली आणि आज मराठी समजतही नसलेली तरुण मुलं आपल्या मराठी मंडळात आहेत. त्यांच्याबद्दल "वेळ आली की फुलतील" असं म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं आहे. वाढ मूकपणे होते या गोड वाक्याच्या आड आळस फार सहज लपतो, आणि परसावरच्या हळव्या लेखांनी त्याला हातभारच लावला आहे.

पण आजी काय करायची ते आठवा. ती मांडवाकडे बघायची की नाही? दिवसातून दहादा बघायची. पान पिवळं पडलं का, बुंध्याशी पाणी तुंबलं का, आळ्याची माती वाहून मुळं उघडी पडली का, मांडवाची काठी कुजली का. वेल किती वाढला हे मात्र तिने कधी मोजलं नाही. तिचं सगळं लक्ष तिच्या स्वतःच्या कामावर असे.

म्हणून माझी उपसूचना अशी. तक्ता ठेवायचाच असेल तर तो आपला ठेवू या, मुलांचा नको. रकाने मी सुचवते. या महिन्यात घरात आईवडील एकमेकांशी मराठीत बोलले का, की मुलांशी मराठी आणि आपसांत इंग्रजी? जेवताना टीव्ही बंद होता का? एखादं मराठी पुस्तक मोठ्याने वाचलं का? भारतातल्या आजी-आजोबांना फोन लागल्यावर मूल पळालं तेव्हा त्याला ओढून आणलं, की आपणच अर्धा तास मराठीत हसतखिदळत बोलत राहिलो आणि दाराआडून त्याला ऐकू दिलं? शिक्षकांसाठीही रकाने हवेत: या महिन्यात मी किती वेळ एकटीच बोलत होते, आणि किती वेळ मुलांच्या हाताला काही काम होतं? हे सगळं भरून पालकांच्या फोनवर जाऊ द्या. माझा अंदाज आहे की हा ठराव ऑगस्टमधल्या ठरावाइतक्या टाळ्यांनी मंजूर होणार नाही.

मुलांच्या हाताला काम हा मुद्दा मी सहज घातलेला नाही. जर्मनीतल्या फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली आणि पुढे तिला 'मुलांची बाग' अशा अर्थाचं नाव दिलं, तेव्हा तिथे खरोखरची बाग होती आणि त्यात प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा होता. आपण अमेरिकेत मुलांना किंडरगार्टनमध्ये घालतो, त्यातला वाफा तेवढा कुठेतरी गळाला. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तिथल्या आदिवासी मुलांसाठी माँटेसरीची महागडी साधनं आणणं शक्य नव्हतं, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. मुलांच्या अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. हे नाव पुढे १९७५ च्या केंद्र सरकारच्या योजनेने देशभर पोचवलं. मूल जिथे आहे, जे करतं आहे, तिथे शिक्षण न्यायचं, हा मराठी माणसांचा स्वतःचा वारसा आहे. आणि आपण मात्र भाड्याच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली मुलांना बसवून वर्कशीट भरून घेतो.

भाषा लागते तेव्हा येते. "माती दाब. इतकी नको. पाणी हळू घाल, वाहून जाईल. अरे, तुझ्या पायाखाली बघ!" ही वाक्यं बागेत कुणी पाठ करवून घेत नाही, ती निघतात आणि समजतात, कारण समोर माती, पाणी आणि पाय असतात. ज्याला बोलायचं नाही तो नुसती झारी घेऊन येईल, तरी त्याला वाक्य कळलं हे आपल्याला कळेल. तेवढं मूल्यमापन मला पुरतं.

आता हे हवेत राहू नये म्हणून ठोस सांगते. आपल्या उपनगरात पार्क डिस्ट्रिक्ट बागेसाठी प्लॉट भाड्याने देतं, आणि मंडळातल्या एका कुटुंबाकडे असा प्लॉट आहे. त्यातला एक वाफा शाळेला वापरायला द्यायला ते तयार आहेत. आपल्याकडे पडवळाला उन्हाळा पुरत नाही असं नाही, पण दिवाळीच्या सुमाराला शिकागोच्या परिसरात लावायची गोष्ट एकच, लसूण. पाकळ्या सुट्या करायच्या, शेंडा वर ठेवून दोन-तीन इंच खोल पुरायच्या, वर गवताचं आच्छादन घालायचं. जमीन गोठायच्या आत त्याला खाली मुळं फुटतात, वर मात्र बहुधा काहीच दिसत नाही. मग चार महिने बर्फ. हा गारठा लसणाला लागतोच. तो मिळाला नाही तर गड्ड्यात पाकळ्याच पडत नाहीत, नुसता कांद्यासारखा एक गोळा तयार होतो. वसंतात पात येते आणि जुलैत काढणी. म्हणजे शाळेचं वर्ष जूनमध्ये संपेल तेव्हा संमेलनात दाखवायला आपल्याकडे काहीही नसेल. मला ही लसणाची सगळ्यात चांगली बाजू वाटते.

या वाफ्याचे नियम थोडे आहेत. फोन गाडीत ठेवायचे. फोटो नाही, व्हिडिओ नाही, मंडळाच्या फेसबुक पानासाठीसुद्धा नाही. मोठ्यांनी आपसांत मराठीतच बोलायचं, इंग्रजीत बोललेला मोठा माणूस खताची पिशवी उचलेल. मुलांना भाषेचा कुठलाही नियम नाही. प्रमाणपत्र नाही, करंडक नाही, कुणाची पाकळी आधी रुजली याची स्पर्धा नाही. आणि कुणाचंही मूल चुकून मराठीत चांगलं लांबलचक वाक्य बोललं, तर ऐकणाऱ्याने त्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि पुढच्या पाकळीकडे वळायचं. बाकी काही करायचं नाही.

प्रगती तक्त्याचा ठराव नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत मताला येणार आहे. एरवी त्या सभेला कोरम भरायला जेवणाचं आमिष दाखवावं लागतं. यंदा जेवण नसलं तरी या आणि ठरावाच्या विरोधात मत द्या. ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनीही यावं, समोरासमोर भांडायला मी बसलेली असेन. आणि लसूण लावायचा आहे तो भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी, शाळा सुटल्यावर. आमच्याकडे दोनच कुदळी आहेत, घरात असेल तर घेऊन या.